हजेरीपटावरचे मृत: गॉथिक वेस्टर्न कॅम्पेन कसं चालवावं

गॉथिक वेस्टर्न कॅम्पेन चालवायचं ठरलं की बहुतेक गेम मास्टर आधी भूत शोधायला निघतात. थडग्यातून उठलेला बंदूकबाज, रक्त पिणारा शेरीफ, वाळवंटात ट्रेन थांबवणारी सावली असं काहीतरी एकदा सापडलं की त्याच्याभोवती घाईघाईने एक गाव उभं केलं जातं. त्यात सलून असतं, चर्च असतं, धूळ असते. तिसऱ्या-चौथ्या सेशनला भूत मरतं आणि पुढे काय करायचं ते कोणालाच सुचत नाही. माझा सल्ला नेमका उलट्या क्रमाचा आहे. आधी गावाने केलेलं पाप लिहा. त्याचा फायदा कोणाला झाला, किंमत कोणी मोजली आणि गप्प कोण बसलं, ते लिहा. भूत सगळ्यात शेवटी येऊ द्या. पाप नीट लिहिलेलं असेल तर भूत त्यातून आपोआप निघतं.

या छंदात नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये तीन ते पाच खेळाडू एकेक पात्र घेतात. गेम मास्टर, म्हणजे जीएम, बाकीचं सगळं जग सांभाळतो. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे बोलतात. खेळाच्या एका बैठकीला सेशन म्हणतात आणि अनेक सेशन चालणाऱ्या सलग कथेला कॅम्पेन. 1974 मध्ये आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून हा प्रकार सुरू झाला आणि वेस्टर्न त्याच्यामागून लगेचच आला. टीएसआर या त्याच कंपनीने 1975 मध्ये ‘बूट हिल’ काढला. त्यात भुताखेतांना जागा नव्हती, नुसत्या बंदुका होत्या. गॉथिक आणि वेस्टर्न यांची जोडी खऱ्या अर्थाने लोकप्रिय केली ती शेन लेसी हेन्सली यांच्या ‘डेडलँड्स’ने, 1996 मध्ये. त्यातला इतिहास अमेरिकन यादवी युद्धातल्या 1863 च्या गेटिसबर्गच्या लढाईपाशी आपल्या इतिहासापासून फुटतो. रणांगणावर पडलेले सैनिक उठून उभे राहतात आणि तिथून पुढे पश्चिमेचा सगळा प्रदेशच झपाटलेला होतो.

आता गॉथिक म्हणजे नेमकं काय, ते आधी स्वतःशी पक्कं करा. वटवाघळं आणि मेणबत्त्या ही सजावट झाली. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ 1764 ची, या प्रकारातली पहिली कादंबरी. तिच्या मुळाशी आहे ती आजोबाने विष घालून बळकावलेली गादी. भोगतो मात्र नातू. पूर्वजांचा गुन्हा, त्यावर उभं राहिलेलं वैभव आणि हिशेब मागायला परत आलेला भूतकाळ, एवढ्या तीन गोष्टी असल्या की गॉथिक उभं राहतं.

पण अमेरिकेच्या पश्चिमेत किल्ले नाहीत आणि गावंही जेमतेम दहा वर्षांची. मग तिथे भूतकाळ आणायचा कुठून? तो कागदात असतो. जमिनीच्या पट्ट्यात, खाणीच्या शेअर सर्टिफिकेटवर आणि मोडलेल्या करारात तो सापडतो. 1868 च्या फोर्ट लॅरमीच्या कराराने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ प्रदेश लाकोटा लोकांचा म्हणून मान्य झाला. 1874 मध्ये अमेरिकन सैन्यातल्या कस्टर या अधिकाऱ्याच्या तुकडीसोबत तिथे सोनं असल्याची खबर बाहेर आली आणि 1876 मध्ये त्याच जमिनीवर डेडवुड हे गाव वसलं होतं. आठ वर्षांत करार, विश्वासघात आणि भरभराट! ऑट्रँटोला यासाठी दोन पिढ्या लागल्या. वेस्टर्नमध्ये पाप करणारा माणूस अजून जिवंत असतो आणि बहुतेकदा गावातल्या सगळ्यात मोठ्या घरात राहतो. या प्रकाराची खरी ताकद इथेच आहे, आणि म्हणून ‘शेकडो वर्षांपूर्वीचा शाप’ इथे मला लंगडा वाटतो.

गाव उभं करताना

स्थळ निवडताना सगळा पश्चिम प्रदेश कवेत घेऊ नका. एक जिल्हा, एक वर्ष आणि एक धंदा पुरतो. नमुन्यादाखल मी नेवाडातला कॉमस्टॉक घेतो. 1859 मध्ये तिथे चांदीचं प्रचंड घबाड सापडलं आणि डोंगराच्या उतारावर व्हर्जिनिया सिटी, गोल्ड हिल ही गावं उभी राहिली. गॉथिकला लागणारा सगळा माल इथे इतिहासानेच पुरवून ठेवला आहे.

खाणीतला खडक ठिसूळ होता, छत धरत नव्हतं. 1860 मध्ये फिलिप डायडेशायमर या इंजिनिअरने लाकडी चौकटींचे घनाकृती सांगाडे एकावर एक रचण्याची पद्धत काढली. त्यासाठी सिएरा पर्वतातली, ताहो सरोवराच्या काठची जंगलंच्या जंगलं तोडून जमिनीखाली नेली गेली. जवळपासच्या टेकड्यांवरचे पिन्यन पाइन सरपणासाठी आणि कोळशासाठी गेले. त्या झाडांच्या बिया हे तिथल्या मूळ रहिवासी पायूट आणि वाशो लोकांचं हिवाळ्याचं अन्न होतं. खाली उतरावं तसा उकाडा इतका वाढायचा की कामगारांना बर्फ पुरवावा लागे, आणि खडकातून फुटणारं पाणी कातडी पोळून काढी. मजुरी होती दिवसाला चार डॉलर, त्या काळच्या मानाने भरपूर. कामगार संघटनेने चिनी मजुरांना खाणीत उतरू दिलं नाही. त्यांच्या वाट्याला आली धुलाई, खानावळी, लाकूडतोड आणि रेल्वेचा भराव. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेल्या खाणकामगारांनी आपली भुतंही सोबत आणली. ती ‘टॉमीनॉकर’. बोगद्याच्या भिंतीआडून ती ठोके देतात. कोणी म्हणे, दरड कोसळणार असल्याची ती सूचना असते. त्यांच्यासाठी डब्यातला तुकडा मागे ठेवायची रीत होती.

आणि 7 एप्रिल 1869 ला गोल्ड हिलच्या यलो जॅकेट खाणीत आग लागली. ती शेजारच्या क्राउन पॉइंट आणि केंटक या खाणींत पसरली. किमान 35 माणसं गेली. आग विझेना, तेव्हा खाणीची तोंडं बंद करून तिची हवा तोडण्यात आली.

या शेवटच्या वाक्यापाशी जीएमने थांबावं. तोंड बंद करायचा निर्णय कोण घेतं? केव्हा घेतं? आत कोणी जिवंत नाही हे कोण ठरवतं? खऱ्या दुर्घटनेतल्या खऱ्या माणसांवर काल्पनिक दोष लादू नये असं माझं ठाम मत आहे, म्हणून इथून पुढे गाव आपलं स्वतःचं बनवायचं. मी त्याचं नाव ठेवतो बिटर स्प्रिंग, आणि खाणीचं प्रॉव्हिडन्स.

बिटर स्प्रिंगमध्ये 1871 साली आग लागली. मालकाने चार तासांत शाफ्ट बंद करवला. त्या वेळी पाण्याच्या पाइपवरून खालचे ठोके ऐकू येत होते. आत अकरा माणसं होती. तारमास्तराने आगीची बातमी एक दिवस दाबून ठेवली, तेवढ्यात मालकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारात आपले शेअर विकले आणि भाव कोसळल्यावर स्वस्तात परत घेतले. डॉक्टरने ‘तत्काळ मृत्यू’ असा दाखला लिहिला. पाद्रीने दगड भरलेल्या अकरा पेट्या पुरल्या. शाफ्टवर पहारा देणारा तरुण आज गावचा शेरीफ आहे. दुकानदाराला मेलेल्यांच्या झोपड्या कवडीमोलाने मिळाल्या. आता 1876 उजाडलंय. गावात शाळा आहे, ऑपेरा हाउस आहे आणि लोक एकमेकांशी सौजन्याने वागतात.

एवढं कागदावर आलं की भूत कोणत्या रूपात यावं हे विचारावंच लागत नाही. खाणीच्या कचेरीतल्या हजेरीपटावर अकरा नावांपुढे रोज हजेरी लागते आहे. ओल्या काजळीने, सुबक अक्षरात. पाच वर्षं, रोजचे चार डॉलर, अकरा माणसं. थकलेली रक्कम 80,000 डॉलरच्या वर जाते. मेलेले सूड मागत नाहीत, ते थकलेला पगार मागतात. आणि ते अजून कामावर आहेत. खालून खणत खणत ते दाखल्यावर आणि करारावर सह्या करणाऱ्यांच्या घरांखाली पोचले आहेत. डॉक्टरच्या जिन्याची एक पायरी कमी झाली आहे. पाद्रीच्या घराचं दार उन्हाळ्यातही अडकतं. मालकाच्या बंगल्याला तुळया बसवल्या त्या बंद झालेल्या खाणीतून काढलेल्या, आणि रात्री त्यांच्यातून ठोके येतात.

ही पद्धत अगदी नवी आहे असं नाही. व्हिन्सेंट बेकर यांच्या 2004 च्या ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’ या खेळात गाव बनवायची पायरी-पायरीची रीत आहे. सुरुवात कोणाच्या तरी अहंकारापासून होते, त्यातून अन्याय, मग पाप, आणि चढत चढत शेवटी खुनापर्यंत. मला ती शिडी आजही जीएमच्या हातात पडलेल्या सर्वोत्तम साधनांपैकी एक वाटते. मी तिला एका अटीची जोड देतो. प्रत्येक पायरीवर एक कागद असला पाहिजे, म्हणजे दाखला, तार, पावती, पट्टा असं काहीतरी. खेळाडूंना शोधायला हातात धरता येईल अशी वस्तू मिळते आणि तपास ‘फासे टाक, कळलं का सांगतो’ एवढ्यावर येत नाही. जमलं तर हे कागद खरोखर बनवा. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर अकरा नावांचा हजेरीपट लिहून टेबलावर ठेवला की पुढचा अर्धा तास जीएमला फारसं बोलावं लागत नाही.

नियम कोणते घ्यावेत

हा प्रश्न नवे जीएम सगळ्यात आधी विचारतात. मी तो मुद्दाम मागे ठेवला, कारण गावाचा आराखडा कोणत्याही नियमावलीत बसतो. तरीही निवड करायची तर अशी करा. खेळाडूंना धाडस हवं असेल, पत्त्यांचा डाव मांडून जादू करणारे जुगारी आणि वाफेवर चालणारी अजब यंत्रं हवी असतील, तर ‘डेडलँड्स’ घ्या. आता तो ‘सॅव्हेज वर्ल्ड्स’च्या नियमांवर चालतो. खेळाडूंना हळूहळू चढणारी भीती हवी असेल, मनाचा तोल ढळत जाणारी पात्रं चालणार असतील, तर ‘कॉल ऑफ कथुलू’चं 2017 मध्ये आलेलं ‘डाउन डार्कर ट्रेल्स’ हे पुस्तक योग्य. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती सगळ्यांना येते म्हणून तीच वापरायचा मोह होतो. तिथे मी सावध करेन. पाचव्या-सहाव्या पातळीच्या पात्राला एका गोळीची भीती उरत नाही आणि ती भीती गेली की वेस्टर्न जातं. तीच वापरायची असेल तर पात्रांना तिसऱ्या पातळीच्या वर जाऊ देऊ नका.

‘सॅव्हेज वर्ल्ड्स’ची एक गोष्ट मात्र कोणत्याही नियमावलीत उसनी घ्यावी. लढाईत कोणाची पाळी आधी, ते पत्ते वाटून ठरतं. मोठा पत्ता आधी. बरोबरी झाली तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हा क्रम. जोकर आला तर तो खेळाडू हवं तेव्हा घुसतो. फेरी संपली की पुन्हा वाटप. सलूनमधल्या मारामारीच्या वेळी टेबलावर पत्ते पडायला लागले की वातावरणनिर्मितीची निम्मी मेहनत वाचते.

जादूला एकच उगम ठेवा. एल्फ, ड्रॅगन, वाफेचे रोबो, व्हॅम्पायर आणि मृतांची खाण असं सगळं एका कॅम्पेनमध्ये आलं की कशाचंच आश्चर्य वाटत नाही. बिटर स्प्रिंगमध्ये सगळं अलौकिक थकलेल्या देण्यातून येतं. कोणाला मंत्रशक्ती हवी असेल तर तीही कर्ज म्हणूनच मिळावी आणि तिची नोंद कुठल्यातरी वहीत व्हावी. प्लँचेट, आत्म्यांशी बोलणाऱ्या बैठका, मृतांच्या सावल्या दाखवणारी छायाचित्रं हे सगळं त्या काळी खरोखर होतं. 1848 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स भगिनींनी ठोक्यांच्या भाषेत मृतांशी बोलल्याचा दावा केला, आणि यादवी युद्धात घरोघरी माणसं गेल्यावर ते वेड देशभर पसरलं. गावात असा एखादा आत्मे बोलावणारा भोंदू ठेवा. आयुष्यभर टेबलाखाली स्वतःच्या पायाने ठोके देणाऱ्या माणसाला पहिल्यांदा खरा ठोका ऐकू येतो, तो प्रसंग खेळून पाहाच.

पात्रं, आणि पहिल्या सेशनच्या आधीचं बोलणं

वेस्टर्न म्हटलं की प्रत्येक खेळाडूला एकटा, अबोल, भूतकाळ लपवणारा परका व्हायचं असतं. चार एकटे अबोल परके एका टेबलावर बसले की कोणीच कोणाशी बोलत नाही. म्हणून पात्र बनवतानाच प्रत्येकाकडून तीन उत्तरं घ्या. या गावात तुझं कोणाकडे काय येणं आहे? बाकीच्या पात्रांपैकी कोणासाठी तू एकदा खोटं बोलला आहेस? कितीही पैसे दिले तरी कोणतं काम करणार नाहीस? पहिल्या उत्तराने पात्र गावात अडकतं, दुसऱ्याने गट बांधला जातो. तिसरं उत्तर वहीत लिहून ठेवा. सातव्या-आठव्या सेशनला मालक नेमकं तेच काम घेऊन येईल.

खऱ्या पश्चिमेत सिनेमात दिसतात त्यापेक्षा कितीतरी वेगवेगळी माणसं होती. गुरं हाकण्याची विद्या, लॅसो आणि खोगीर हे सगळं मेक्सिकन व्हाकेरोंकडून आलं. गुराख्यांमध्ये गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. बॅस रीव्ह्ज हा गुलाम म्हणून जन्मलेला माणूस पुढे डेप्युटी मार्शल झाला. छापखाना चालवणारी बाई, कॉर्निश मुकादम, युद्धात हात गमावलेला शिक्षक, चिनी धुलाईवाला असे पर्याय खेळाडूंसमोर ठेवा. आगीच्या रात्री कोणाच्या कोटाला धुराचा वास होता, हे सगळ्या गावात फक्त धुलाईवाल्याला ठाऊक असतं.

मूळ रहिवाशांबद्दल इथे थोडं थांबून बोलायला हवं. जुन्या वेस्टर्नमध्ये ते एक तर हल्लेखोर असतात, नाही तर गोऱ्या नायकाला जडीबुटी देणारे गूढ म्हातारे. दोन्ही टाळा. नेवाडाच्या कॅम्पेनसाठी पायूट लेखिका सारा विनेमका यांचं 1883 चं ‘लाइफ अमंग द पायूट्स’ हे आत्मकथन वाचा. आपली माणसं, आपली जमीन आणि सरकारी एजंटांचा व्यवहार यांबद्दल त्यांनी स्वतः लिहिलं आहे. त्यातून कळतं की या लोकांकडे भाषांतरकार होते, वाटाघाटी करणारे होते, वॉशिंग्टनला जाऊन मंत्र्यांसमोर बाजू मांडणारे होते. तुमच्या गावातलं पायूट पात्र असंच ठोस काम करणारं असू दे. नेवाडातच वोवोका या पायूट धर्मपुरुषाने सुरू केलेला घोस्ट डान्स ही लोकांची खरी श्रद्धा होती. 29 डिसेंबर 1890 ला वुंडेड नी इथे झालेल्या लाकोटांच्या कत्तलीची सावली तिच्यावर आहे. तिला मंत्र म्हणून वापरू नका. लागतील ती भुतं स्वतः निर्माण करा.

पहिल्या सेशनच्या आधी एक बैठक फक्त बोलण्यासाठी ठेवा. वंशद्वेष, स्त्रियांवरचे अत्याचार, मुलांचे मृत्यू, आत्महत्या हे या प्रकारात सहज डोकावणारे विषय आहेत. काय टेबलावर येणारच नाही आणि काय आलं तरी पडद्याआड राहील, याच्या दोन याद्या करा. शिवाय एक्स लिहिलेलं एक कार्ड मधोमध ठेवा. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथल्या तिथे बदलायचा, कारण विचारायचं नाही. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी रूढ केलेली ही साधी रीत आहे. आपल्याकडे मित्रमंडळींत ‘एवढं काय त्यात’ म्हणून हे टाळलं जातं. टाळू नका. मर्यादा ठरलेल्या असल्या की खेळाडू भीतीच्या प्रसंगात जास्त मोकळेपणाने शिरतात.

भीती आणि बंदूक

भीती हळूहळू वाढवायची तर तिचा हिशेब जीएमकडे हवा. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मधली घड्याळाची पद्धत इथे चपखल बसते. कागदावर वर्तुळ काढा, त्याचे आठ भाग करा आणि खेळाडूंनी वेळ घालवला, खोटं सांगितलं किंवा एखाद्या सहीवाल्याला पाठीशी घातलं की एक भाग काळा करा. बिटर स्प्रिंगसाठी माझा क्रम साधारण असा असेल. सुरुवातीला गावातल्या विहिरीचं पाणी कोमट लागतं. मग कुत्री घरात झोपायला तयार होत नाहीत. पगाराच्या दिवशी अकरा पाकिटं कमी पडतात. डॉक्टरचं तळघर खचतं आणि तिथे नवी कोरी लाकडी चौकट उभी दिसते, व्यवस्थित, कारागिराच्या हातची. पुढच्या भागांत एकेक सहीवाला खाली जातो, म्हणजे नेला जातो. आठवा भाग भरला की सगळं गाव कामावर लागतं. वर्तुळ खेळाडूंना दिसेल असं ठेवा, पण कोणत्या भागात काय लिहिलंय ते दाखवू नका.

मराठी भयकथेच्या वाचकाला हे तंत्र ओळखीचं वाटेल. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत मोठे झालेले खेळाडू मला या प्रकारासाठी फार योग्य वाटतात. नेहमीच्या घरातली नेहमीची वस्तू जराशी बिघडली की घाबरायचं असतं, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

बंदूक क्वचित चालू द्या. टूमस्टोनची ओके कोरलजवळची प्रसिद्ध चकमक 26 ऑक्टोबर 1881 ची. ती साधारण अर्ध्या मिनिटात संपली. सुमारे तीस गोळ्या झाडल्या गेल्या, तीन माणसं मेली आणि दोन्ही बाजू एकमेकांपासून काही पावलांवर उभ्या होत्या. गावात शस्त्र बाळगायला बंदी होती, तिथूनच ते प्रकरण पेटलं. हे तपशील जीएमच्या कामाचे आहेत. बिटर स्प्रिंगमध्येही शेरीफ वेशीवरच बंदुका जमा करून घेतो असं ठेवलं, तर प्रत्येक पात्राला कायदा पाळायचा की बुटात पिस्तूल लपवायचं हे पहिल्याच सेशनमध्ये ठरवावं लागतं.

1873 च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं असतात. जाणकार माणूस पाचच गोळ्या भरतो आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवतो, नाही तर धक्का लागून स्वतःच्याच पायात गोळी जाते. पुन्हा भरताना बाजूच्या फटीतून एकेक काडतूस काढायचं आणि एकेक घालायचं. तेव्हाची दारू काळी होती. चार-पाच बार झाले की खोलीत धूर कोंडतो आणि समोरचं दिसेनासं होतं. हा धूर तुमचा मित्र आहे. तिसऱ्या गोळीनंतर नेम धरणं अवघड करा आणि धुरात एक आकृती जास्त मोजली गेली असं सांगा. गोळ्यांचा हिशेब ठेवायला प्रत्येकासमोर पाच-सहा चिंचोके ठेवा. बार झाला की एक उचलायचा. शेवटचा चिंचोका उरला की खेळाडू आपोआप हळू बोलायला लागतात.

अंतरही असंच खरं वाटू द्या. घोड्यावरून दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर म्हणजे बरी मजल. रेल्वे पूर्व-पश्चिम जोडली गेली 10 मे 1869 ला, पण तार त्याच्या आठ वर्षं आधीच, 1861 मध्ये पोचली होती. 1876 च्या गावातून मदत मागता येते, बातमी जाते, वर्तमानपत्र छापतं. म्हणून तारघर कोणाच्या ताब्यात आहे हा तुमच्या कॅम्पेनमधला मोठा प्रश्न आहे. वर्तमानपत्रालाही भूमिका द्या. व्हर्जिनिया सिटीच्या ‘टेरिटोरियल एंटरप्राइझ’मध्ये काम करताना तरुण सॅम्युएल क्लेमन्सने 1863 मध्ये मार्क ट्वेन हे नाव घेतलं, आणि त्याच वर्षी एका भयानक हत्याकांडाची साफ खोटी बातमीही छापली. अशा संपादकाच्या हाती तुमचे खेळाडू खरा हजेरीपट देतील, तेव्हा तो छापला जाईल का आणि छापला तर लोक विश्वास ठेवतील का, हे दोन्ही प्रश्न खुले ठेवा.

टेबलावर मराठी

कॅम्पेन मराठीतून चालवा. नियमांचे शब्द इंग्रजी राहिले तरी बिघडत नाही, पण माणसं मराठीत बोलू देत. शेरीफ, सलून, मार्शल हे शब्द तसेच ठेवावेत. गुराख्यांच्या तोंडी मात्र आपल्या एखाद्या जिल्ह्याची बोली घालू नये, नाही तर माळावर लगेच बाभळी दिसू लागतात. वेगळेपण अहो-जाहो आणि अरे-तुरे यांतून आणा. मालक सगळ्यांना ‘आपण’ म्हणतो, धमकी देतानासुद्धा. शेरीफ पात्रांना ‘तुम्ही’ म्हणतो आणि ज्या वाक्यात तो ‘तू’वर येतो, त्या वाक्यानंतर पत्ते वाटा. वकिलाची भाषा दस्तऐवजासारखी. मेलेले बोलतच नाहीत, ते ठोके देतात. जीएमने टेबलावर बोटाने ठोके द्यावेत आणि अर्थ सांगू नये.

शेवट कसा करावा

कॅम्पेनला शेवट असेल हे आधीच जाहीर करा. दहा-बारा सेशन पुरेत. गॉथिक कथा लांबली की भुताची सवय होते.

शेवट आधी लिहून ठेवू नका, पण तीन वाटांचे परिणाम तयार ठेवा. गावाने पैसे भरले तर बँक बुडते, शाळा बंद पडते आणि आगीशी संबंध नसलेली माणसंही देशोधडीला लागतात. मालकाला मृतांच्या हवाली केलं तर ठोके थांबतात, पण हजेरीपटावर बारावं नाव येतं, आणि ज्याने त्याला हवाली केलं त्याच्या घराखाली खणणं सुरू होतं. शाफ्ट उघडला तर अकरा जण चालत वर येतात, आपापल्या घरी जातात आणि दार वाजवतात. पाच वर्षांत त्यांच्या बायकांपैकी कोणी पुन्हा लग्न केलंय, कोणी गाव सोडलंय, आणि एक जणी रोज दोन ताटं वाढते आहे. खेळाडू चौथी वाट काढतील. बहुतेक गट काढतातच. ती वाट लढवायला त्यांच्याकडे कागद आहेत का ते तपासा, आणि असतील तर त्यांना मोकळेपणी जिंकू द्या.

शेवटच्या सेशनला नेहमीपेक्षा तासभर जास्त ठेवा. निर्णय झाल्यावर प्रत्येक खेळाडूला एकच प्रसंग द्या, गावाबाहेर पडतानाचा किंवा मागे राहतानाचा, आणि त्या प्रसंगात फासे वापरू नका. त्यानंतर हजेरीपट टेबलावर ठेवून विचारा, आजच्या तारखेपुढे कोणाची नावं लिहायची. लिहिण्याचं काम खेळाडूंनीच करावं.